मागण्याचा तास

नोव्हेंबर महिन्यात नांदेडच्या बँकेत म्हाताऱ्यांची जत्रा भरते. पेन्शन खाणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. ते गेल्यापासून मला त्यांची पेन्शन मिळते, म्हणून मीही दरवर्षी त्या रांगेत उभी असते. त्या दिवशी यंत्र माझं बोट ओळखायला तयार नव्हतं. भांडी घासून रेषा गेल्या असतील, असं मी काउंटरवरच्या बाईंना सांगत होते, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. लातूरहून महानंदाबाई बोलत होत्या, माझ्या भावाच्या शेजारीणबाई. "अक्का, अण्णाला जरासं बरं न्हाई," त्या म्हणाल्या, "तुमी निघाच." आमच्याकडं मरणाची बातमी अशीच कळवतात. माणूस खरोखर आजारी असला तर 'लई बरं न्हाई' म्हणतात, दवाखान्याचं नाव सांगतात, कितव्या मजल्यावर ठेवलंय तेही सांगतात. 'जरासं' आणि 'निघाच' हे एका दमात आलं की पुढं विचारण्यासारखं काही उरत नाही. मला सगळं कळलं होतं. तरी मी 'जास्त नाही ना?' असं विचारलं आणि त्यांनी 'न्हाई, न्हाई' म्हटलं. दोघींनी रीत पाळली. मग मी पुन्हा बोट ठेवलं आणि या वेळी ते यंत्राला पटलं. मी जिवंत असल्याची नोंद झाली, आणि मी लातूरची एसटी धरायला निघाले.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीशी बसून मी रडत नव्हते, हे माझं मलाच खटकत होतं. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती की महानंदाबाईंचं ते 'जरासं' अण्णाला फार आवडलं असतं. त्यानं ते लगेच फळ्यावर लिहिलं असतं. अशाच बारक्या शब्दांवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण आता त्याला ते सांगायचं कसं... चाकूरला बस थांबली, कंडक्टर चहाला उतरला, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं गाव. घरी बरी जमीन, ऊस, दुभती जनावरं. खाण्यापिण्याची ददात कधी नव्हती, पण मागायची मात्र चोरी होती. दुसऱ्याच्या घरी कुणी काही पुढं केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि मग आईच्या डोळ्यांकडं बघायचं. तिची पापणी लवली तरच हात पुढं करायचा. देणाऱ्या घरालाही हे ठाऊक असे, त्यामुळं ते आग्रह करत राहत आणि सगळं सुरळीत पार पडे. रडल्याशिवाय आईही पाजत नाही म्हणतात. आमच्या घरात रडणाऱ्याला सगळ्यांच्या शेवटी मिळत असे. मी थोडी आगाऊ होते, आईची पापणी लवायच्या आधीच लाडू उचलायचे आणि घरी येऊन मार खायचे. अण्णा माझ्याहून बराच मोठा आणि फार गुणाचा. त्याला काय हवंय हे त्याच्या तोंडून ऐकल्याचं मला लहानपणापासून आठवतच नाही. कॉलेजात त्याला गणित घ्यायचं होतं म्हणे. वडील म्हणाले इंग्रजी घे, त्यानं इंग्रजी घेतलं. हे मला त्याच्या साठीत कळलं, तेही वहिनीकडून.

लातूरच्या एका शाळेत त्यानं जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घराच्या वरच्या खोलीत बोलायच्या इंग्रजीचा क्लास काढला. लातूर म्हणजे क्लासचंच गाव. गल्लीगल्लीत डॉक्टर आणि इंजिनिअर घडवणाऱ्या पाट्या. त्यात अण्णाच्या क्लासला पाटीसुद्धा नव्हती. तरी माणसं यायची. कुणी हैदराबादला नोकरीला निघालेलं, कुणाची मुलगी परदेशात, कुणाला नुसतीच हौस. इंग्रजीत आपल्याला काय हवंय ते सांगता आलं की अर्धी भाषा आली, असं त्याचं मत होतं, आणि म्हणून तो सुरुवातच मागण्यापासून करायचा. 'आय वॉन्ट' शिकून आलेल्यांना तो आधी 'आय वुड लाइक' वर आणायचा. मग त्यात एकेक बारीक शब्द घालायला लावायचा. 'जस्ट' घातला की मागणं लहान होतं, म्हणजे दारातच उभं राहून बोलल्यासारखं. 'रियली' घातला की त्यात जीव येतो. 'व्हेरी मच' म्हटलं की समोरच्याला नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून तो जपून वापरायचा. 'रादर' म्हणजे तुमचं चुकलं न म्हणता आपलं पुढं करायचं. आपल्याकडंही हे सगळं आहे, असं तो सांगायचा. पंगतीत आपण 'मीठ द्या' म्हणत नाही, 'तेवढं जरा मीठ द्या' म्हणतो. पुण्याची माणसं आपल्याला रांगडी म्हणतात, पण मागायची वेळ आली की आपल्याइतकं लाजणारं कुणी नाही, हेही तो हसत सांगायचा.

धर्माबादची पूजा नावाची एक मुलगी त्याच्याकडं शिकून हैदराबादच्या एका हॉटेलात लागली होती. तिला साहेबांनी रात्रपाळी विचारली. तिला म्हणायचं होतं की माझी तशी फारशी इच्छा नाही, आणि ती म्हणाली, 'आय रियली डोन्ट वॉन्ट.' साहेब भडकले. सुट्टीत ती रडत अण्णाकडं आली. अण्णानं तिला तो 'रियली' उचलून पुढं ठेवायला सांगितलं, 'आय डोन्ट रियली वॉन्ट'. आधी घातलास तर दार आपटल्यासारखं होतं, म्हणाला, नंतर घातलास तर नुसतं लोटून घेतल्यासारखं. मग वर्गातल्या प्रत्येकाकडून त्यानं दोन्ही वाक्यं घोकून घेतली. खाली स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होती आणि वरून सगळा वर्ग एका सुरात मला नको, मला नको म्हणत होता. वहिनीनं हे मला फोनवर इतकं रंगवून सांगितलं होतं की मला ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखं वाटतं.

पण त्याच्या क्लासची खरी गंमत वेगळीच होती. रोज तास सुरू होताना प्रत्येकानं उभं राहून आपली एक इच्छा इंग्रजीत सांगायची, आणि ती खरी पाहिजे. 'आय वुड लाइक अ कप ऑफ टी' असलं पुस्तकी वाक्य कुणी टाकलं की अण्णा त्याला खाली बसवायचा. चहा पाहिजे असेल तर खाली जाऊन घेऊन ये, म्हणायचा, पण खोटं मागू नको. व्याकरण चुकलं तर चालेल, इच्छा खोटी चालणार नाही. उदगीरहून शिवलिंगप्पा यायचे, कापडाचे व्यापारी, माझ्याच वयाचे. मुलगा-सून बेंगळुरूला, नातवाला मराठीही येत नाही आणि कन्नडही धड येत नाही, म्हणून हे गृहस्थ आठवड्यातून दोनदा बसनं लातूरला इंग्रजी शिकायला. कित्येक तास ते नुसते उभे राहत आणि बसत. मग एक दिवस बोलले, 'आय वुड रियली लाइक... माय ग्रँडसन सिट विथ मी.' वर्गात एक जण हसला. अण्णानं काही दुरुस्त केलं नाही. बरोबर आहे, बसा, एवढंच म्हणाला. कुणीतरी एकदा अण्णालाच विचारलं, सर, तुमची इच्छा? तो म्हणाला, 'तुम्ही सगळे फाडफाड बोलायला लागा.' त्याच्याच नियमानं बघायचं तर हे पुस्तकी वाक्य होतं. पण त्याला खाली कोण बसवणार?

वहिनी गेली त्यानंतर त्याचा मुलगा महेश त्याला कॅनडाला घेऊन गेला. सून तिकडचीच, स्वभावानं फार चांगली. ती हौसेनं भात आणि डाळ करायला शिकली होती. पहिल्याच दिवशी तिनं वाढलं, अण्णानं खाल्लं, तिनं विचारलं आणखी देऊ का? तीस-पस्तीस वर्षं पोरांकडून 'येस प्लीज, आय वुड लव्ह सम' घोकून घेणारा माणूस म्हणाला, 'नो, थँक यू.' आणि आग्रहाची वाट बघत बसला. सुनेनं हसून भांडं उचललं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. महेश कामावरून उशिरा यायचा, त्याला पत्ताच नाही. मुलगा आणि सून बाहेर पडले की हे महाराज ब्रेडला लातूरहून नेलेली शेंगदाण्याची चटणी लावून खायचे. शेवटी त्यानं मला फोन केला. "कुसे, हितं एकदाच विचारतात गं," तो म्हणाला. मी इतकी हसले की पलीकडं तोही हसायला लागला. मी म्हटलं, अरे, तुला तर सगळी उत्तरं पाठ आहेत. तो म्हणाला, पाठ आहेत, पण ताटावर बसलं की तोंडातून आपली आईच बोलते. ठरल्यापेक्षा लवकरच तो परत आला. कारण थंडीचं सांगितलं.

मग आम्ही दोघं एकटी. तो लातूरला, मी नांदेडला. मला मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. काय करायलीस, असं तो विचारायचा. काही नाही, बसलेय. जेवलास का? जेवलो. काही पाहिजे का? काही नको. दोघंही मजेत असल्याचं एकमेकांना सांगून फोन ठेवायचो, आणि मग मी टीव्ही मोठ्यानं लावायचे. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. तोही तेच करायचा हे मला नंतर महानंदाबाईंनी सांगितलं. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, पाच-दहा मिनिटांनी बस, आणि दोघांपैकी एकालाही 'मी येऊ का' म्हणता येत नव्हतं.

गेल्या पंचमीच्या आधी तो अचानक माझ्या दारात उभा. आमच्याकडं पंचमीला लग्न झालेल्या पोरीला माहेरी न्यायला भाऊ यायचा, त्याला मुराळी म्हणतात. पोरीनं आपणहून निघायचं नसतं, मुराळी आला की मग सासूला विचारून पिशवी भरायची. आईवडील गेल्यावर हे सगळं थांबलं होतं. सत्तरी ओलांडलेला माझा मुराळी धोतर-टोपीऐवजी पँट-शर्टात, हातात केळी घेऊन, एसटीच्या धुळीनं भरलेला. मी पाणी दिलं. तो म्हणाला, सहजच आलो होतो इकडं, थोडं काम होतं. मग म्हणाला, पंचमी आहे. मग म्हणाला, लातूरला सध्या हवा बरी आहे. मग, तुला जमलंच तर, म्हणजे तुझं काही अडत नसेल तर, चार दिवस... मी त्याला म्हटलं, अण्णा, तुझ्याच वर्गात असतास तर आतापर्यंत तुला खाली बसवलं असतं. त्यानं पेल्यातलं पाणी संपवलं, पेला खाली ठेवला.

"मला तू तिथं पाहिजेस," तो म्हणाला. "एकट्यानं घास उतरत न्हाई."

इतकं सरळ बोलून तो इतका लाजला की उठून खिडकीपाशी गेला. मी आत जाऊन पिशवी भरायला घेतली. विचारायला सासू नव्हती, तरी यजमानांच्या फोटोसमोर जरा थांबले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा लग्नानंतर कुठल्याच पंचमीला झाला नव्हता. चार दिवसांची पिशवी घेऊन मी गेले ती तिथंच राहिले.

ते महिने फार चांगले गेले. भांडलोही भरपूर. त्याला वरणात गूळ लागायचा, मला चालत नव्हता. मी मोठ्यानं बोलते अशी त्याची तक्रार, तो पुटपुटतो अशी माझी. दुपारी मी वर जाऊन वर्गात मागं बसायचे. एकदा त्यानं माझीही पाळी लावली. मी उभी राहून ठासून म्हटलं, 'आय वॉन्ट प्रमोशन!' सगळे हसले. अण्णानं विचारलं, कशातून कशात? मी म्हटलं, बहिणीतून थोरल्या बहिणीत, म्हणजे मला तुला रागवता येईल. शिवलिंगप्पा डोळे पुसेपर्यंत हसले. त्या वर्गात मला फार बरं वाटायचं. वीस-बावीस माणसं एकापाठोपाठ उठून आपल्याला काय हवंय ते मोडक्यातोडक्या भाषेत सांगतायत, आणि बाकीचे ऐकून घेतायत. घरात हे कुणी एकमेकांना सांगितलं नसतं. परक्या भाषेत सांगताना माणसाला आपलीच लाज कमी वाटते की काय, कोण जाणे.

नोव्हेंबर लागला आणि मला त्या दाखल्यासाठी नांदेडला जाणं भाग पडलं. दोन दिवसांचं काम. एरवी मी कुठंही निघाले की त्याचं ठरलेलं होतं, सावकाश ये, काही घाई नाही. त्या सकाळी तो रिक्षापर्यंत आला. पिशवी आत ठेवली. "लवकर ये," म्हणाला, "मला करमत न्हाई." मी म्हटलं, परवा येते. आणि रिक्षा निघाली. मला त्या वाक्याचा फार आधार वाटतो. तो ते बोलून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदाबाईंनी दूध द्यायला दार ढकललं तेव्हा तो खुर्चीत बसलेलाच होता. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी परवा नाही, उद्याच पोचले, पण त्याला आता माझ्या येण्याचं काही नव्हतं.

महेश आला, दिवस केले, तेरावं झालं. पाहुणे पांगले. मग तो हिशेबानं, पण प्रेमानंच, घर आवरायला बसला. त्याला महिनाअखेरीस परत जायचं होतं. घर विकायला काढावं असं त्याच्या मनात होतं, एक-दोन जण बघूनही गेले होते. त्यानं मला विचारलं, "आत्या, यातलं तुला काय हवंय? काहीही सांग." मी म्हटलं, "मला काय करायचंय रे, काही नको." त्यानं मान डोलावली आणि कपाटाकडं वळला. त्यात त्याची काही चूक नव्हती, तो आता त्या देशाचा झाला होता, तिथं एकदाच विचारतात. मी त्याच्या पाठीकडं बघत बसले. आईची पापणी लवायची वाट बघावी तशी मी कुणाची तरी वाट बघत होते. नांदेडचं माझं घर डोळ्यांपुढं आलं. तो टीव्ही, ती बंद दारं... तिथं मला जायचं नव्हतं. मनातल्या मनात मी शब्द जुळवायला लागले, तुला जमलंच तर, थोडे दिवस, तुझं काही अडत नसेल तर. मग ते सगळे टाकून दिले.

"महेश," मी म्हटलं, "मला हे घर पाहिजे. विकू नको. मला इथं राहायचंय."

तो वळला. मला वाटलं आता काहीतरी समजावून सांगेल. तो म्हणाला, "मग राहा ना, आत्या. आधी का नाही बोललीस?" आणि पुन्हा कपाटातली पुस्तकं काढायला लागला. एवढंच झालं. ज्यासाठी आमच्या घरातल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या तोंडं शिवून घेतली होती ते इतकं सोपं होतं, आणि हे सांगायला आता मी वर जाणार कुणाकडं?

तर मी लातूरलाच आहे. नांदेडचं घर भाड्यानं दिलं. वरच्या खोलीत क्लास होत नाही, मला कुठलं इंग्रजी. शिवलिंगप्पा एकदा येऊन गेले, फळ्यासमोर थोडा वेळ बसले, नातू सुट्टीत येणार आहे म्हणाले. चहा विचारला तर पहिल्याच वेळी हो म्हणाले. महानंदाबाई सकाळी डोकावतात. बाकी दिवस मोठा असतो. मागितलं ते मला मिळालं, पण ज्याच्यापायी मागितलं तो इथं नाही, आणि याचं काय करायचं ते मला कळत नाही.

एक सवय मात्र सुटत नाही. वर्ग चालू असताना अण्णाला चहाची तलफ आली तरी तो कधी हाक मारायचा नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर यायचा आणि खाकरायचा. एवढंच त्याचं मागणं. वहिनीला ते कळायचं, मग मला कळायला लागलं. गॅस मोठा असला की त्याच्या आवाजात ते खाकरणं ऐकू येत नसे, म्हणून दुपारी मी गॅस बारीक ठेवायला शिकले होते. अजूनही दुपारी मी चहा बारीक गॅसवरच टाकते. फार वेळ लागतो उकळायला. मी ओट्याशी उभी राहते, एक कान जिन्याकडं असतो. येणार नाही हे माहीत आहे. तरी गॅस मोठा करायला हात होत नाही.